तीन मुलं, दोन खिडक्या, पाच दिवस

प्रवास पाच दिवसांचा. पहिला आणि शेवटचा दिवस गाडीत, मधले तीन समुद्राकाठच्या मुक्कामावर, मागे चढायला एक टेकडी. मोठी माणसं दोन, मुलं तीन: थोरली १० वर्षांची, मधला ७ चा, धाकटी साडेपाचची. एवढी माहिती दिली की तीन भावंडं वाढवलेल्या कुणालाही पुढचं चित्र दिसायला लागतं. थोरली नियम करणार, मधला त्यातली पळवाट शोधणार आणि धाकटी त्या पळवाटेतून पहिली धावणार. ही चढाओढ बंद पाडायचा प्रयत्न करू नये. तिच्यात दोन्ही बाजूंना जिंकता येईल एवढी सोय करावी, आणि ती सोय दर दिवशी वेगळी असते.

आदला दिवस

भांडणाची सुरुवात गाडीत होत नाही, पिशव्या भरताना होते. वस्तू घेताना एक गोष्ट पाळायची: तिघांना तीन अगदी सारख्या, नाहीतर तिघांना तीन अगदी वेगळ्या. दोन सारख्या आणि एक वेगळी आली की संपलं. ती एक उगाचच सगळ्यात चांगली ठरते किंवा सगळ्यात वाईट. तीन बॅटऱ्या एकाच रंगाच्या घ्या आणि मुठीवर तीन रंगांची चिकटपट्टी लावा. मधला पहिल्याच रात्री पांघरुणात बॅटरी चालू ठेवून झोपतो आणि सकाळी म्हणतो, "ताईची दे ना." म्हणून जादा सेल घ्या, आणि प्रत्येकाच्या सेलांवरही तोच रंग लावा.

खेळाची पिशवी हलकी असू द्या: २१ सारखे खडे किंवा मणी, एक फासा, पत्त्यांचा जोड, दोन खडू, पाचेक मीटर दोरी, कोऱ्या चिठ्ठ्या आणि तीन पेन्सिली. जास्त खेळ घेतले तर जास्त निवडी कराव्या लागतात, आणि प्रत्येक निवडीला तीन मतं.

थोरलीचा एक स्वतःचा डबा हवाच. त्याला कुलूप लावू नका, कारण कुलूप म्हणजे धाकट्यांना आमंत्रणच. उंच ठेवूनही भागत नाही. साडेपाच वर्षांचं मूल हात वर करून साधारण १३० सेंटिमीटरपर्यंत पोचतं, खुर्ची घेतली की पावणेदोन मीटरपर्यंत, आणि खुर्ची ते घेतंच. धाकट्या दोघांना तसेच डबे दिले आणि "दुसऱ्याचा उघडला तर तुझाही उघडायचा" हा नियम तिघांकडूनच वदवून घेतला, की डबे बऱ्यापैकी शाबूत राहतात. नियमाला जोर येतो तो आपलाही डबा धोक्यात असल्यामुळे.

आल्फ्रेड आडलर या व्हिएन्नाच्या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या मुलाला पदच्युत राजा म्हटलं होतं. दुसरं मूल आलं की त्याचं सिंहासन जातं. ही उपमा आजही पटते, पण तिच्यावरून "थोरली म्हणजे समजूतदार, शेंडेफळ म्हणजे लाडावलेलं" असे शिक्के मारू नयेत. २०१५ साली जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावाच्या मुख्य पैलूंवर जवळपास परिणाम दिसला नाही. प्रवासात शिक्क्याचा तोटा लगेच कळतो. "तू मोठी आहेस ना, दे सोडून" हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकलेली मुलगी संध्याकाळपर्यंत काहीच सोडेनाशी होते.

पहिला दिवस: गाडीत

मागच्या सीटवर जागा तीन, खिडक्या दोन. टप्पे तीन करा आणि प्रत्येक थांब्यावर तिघांनी एकेक जागा उजवीकडे सरकायचं. उजवीकडचा फिरून डावीकडे येतो. तीन टप्प्यांत प्रत्येकाला डावी खिडकी एकदा, उजवी एकदा आणि मधली जागा एकदा मिळते. कागदावर तीन ओळींचा तक्ता काढून पुढच्या सीटच्या पाठीला लावला की वाद तक्त्याशी होतो, ताईशी होत नाही.

यात तीन ठिकाणी बिघडतं. टप्पे घड्याळाने धरले तर "अजून चार मिनिटं माझी आहेत" सुरू होतं, म्हणून बदल फक्त गाडी थांबल्यावर. दुसरं, खिडकीपाशी झोप लागलेलं मूल जागं होऊन पाळी परत मागतं. झोपेतली पाळी मोजायची की नाही हे निघायच्या आधी ठरवा. मोजायची, हेच सोयीचं. तिसरं, धाकटीची बालआसन-सीट एका खिडकीशी पक्की बसवलेली असेल तर ती हलवायची नाही, सुरक्षितता आधी. मग उरलेल्या दोन जागा थोरली आणि मधला वाटून घेतील, आणि धाकटीला कायम खिडकी मिळाली म्हणून गाणी निवडायचा हक्क त्या दोघांचा. ही भरपाई तोंडाने सांगावी लागते. सांगितली नाही तर थोरलीला ती दिसत नाही, खिडकीच दिसते.

दोघांतच पाळ्या वाटताना आपण सहज "तू, मी, तू, मी" करतो. त्यात पहिला नेहमी एक पाऊल पुढे असतो. "तू, मी, मी, तू" हा क्रम जास्त न्याय्य. टेनिसच्या टायब्रेकमध्ये पहिला खेळाडू एकच सर्व्हिस करतो आणि पुढे दोघं दोन-दोन करतात, तेही याच कारणाने. थोरलीला हे एकदा समजावून द्या. असा न्याय तिला मनापासून आवडतो आणि पुढे ती तो स्वतःच लावते.

दुसऱ्या टप्प्यात खोड्या सुरू होतात. सगळ्यात जुनी खोडी सगळ्यात साधी आहे: मधला आपलं बोट ताईच्या गालापासून एका इंचावर धरून ठेवतो. बोट हलत नाही. तो समोर बघतोय, चेहरा सरळ, फक्त ओठाचा कोपरा थरथरतोय. "मी हात लावलाच नाही!" हे खरंच असतं. इथे पुढच्या सीटवरून न्यायनिवाडा करू नका, आणि गाडी चालवणाऱ्याने तर मागे वळूनही बघू नये. बघायचं एवढंच, की हे दोघांना खेळ वाटतंय का? ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्लं लुटुपुटीची मारामारी करताना पाहिली आणि त्यावरून मांडलं, की चावा घेतानाच "हा खरा चावा नाही" असा निरोपही पोचवला जातो. मुलांतही तो निरोप असतो. हसू दोघांच्या तोंडावर, पाळी बदलती, आणि थोडं थांबून दोघंही परत त्याच खेळाकडे वळतात. हसू एकाच्याच तोंडावर उरलं, किंवा थोरली अचानक गप्प झाली, की तो निरोप पोचेनासा झाला. मग मध्ये पडायचं.

त्यासाठी एक शब्द आधीच ठरलेला हवा. "टाइमप्लीज" मुलांना ठाऊकच असतो. म्हटलं की हात मागे, कारण विचारायचं नाही. धाकटी सुरुवातीला तो दर अर्ध्या मिनिटाला वापरते, स्वतः चिमटा काढून लगेच "टाइमप्लीज". म्हणून पुरवणी नियम: खोडी काढणाऱ्याला पुढचे दहा अंक मोजेपर्यंत टाइमप्लीज नाही.

मळमळीचंही सांगायला हवं, कारण बऱ्याच चिडचिडीचं मूळ तिथे असतं. गाडी लागण्याचा त्रास २ ते १२ या वयात जास्त असतो. डोळे पुस्तकावर स्थिर आणि कान सांगतोय की आपण हलतोय, या विसंगतीतून तो होतो. थोरली वाचत बसते, तिला मळमळायला लागतं, ती खेकसते, आणि धाकट्यांना वाटतं आपण जिंकलो. चालत्या गाडीत वाचन आणि पडदा बंद. नजर दूर समोर. खेळ कानांचे आणि तोंडाचे.

शब्दांच्या भेंड्यांत वयाचा फरक उघडा पडतो, म्हणून थोरलीला चार अक्षरी, मधल्याला तीन अक्षरी आणि धाकटीला कुठलाही शब्द. धाकटीने "कच्चा लिंबू" म्हणून खेळायला पहिल्या दिवशी हरकत नाही. चौथ्या दिवशी ती स्वतःच नको म्हणेल.

दुसरा दिवस: वाळू

सबंध प्रवासातला सगळ्यात चांगला दिवस, आणि नीट आखला नाही तर सगळ्यात रडका. भांडणाचं मूळ एकच: थोरलीला बांधायचंय आणि धाकट्यांना पाडायचंय. दोन्ही हौशी खऱ्या आहेत.

आधी बांधणं. कोरडी वाळू उभी राहत नाही आणि चिखलही राहत नाही. कणाकणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार झाले की ते कण एकमेकांना धरून ठेवतात. पाणी जास्त झालं की पूल बुडतात आणि सगळं घसरतं. कोरड्या वाळूच्या आठ बादल्यांना एक बादली पाणी हे माप धरा. ओली मूठ दाबून उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून पाणी ओघळलं नाही, की जमलं. बादलीत एकदम भरू नका. चार बोटांचा थर, तळव्याने ठोका, पुढचा थर. बुरूज उलटा केल्यावर कोरायचा तो वरून खाली. खालून कोरायला घेतला की वरचा भार त्या खाचेवर येतो आणि बुरूज कंबरेतून वाकतो. थोरलीचा पहिला बुरूज हमखास असाच पडतो, आणि ती मागे वळून आधी मधल्याकडे बघते. त्याने काही केलेलं नसतं. त्या क्षणी मोठ्या माणसाने "खाच खाली पडली होती, बघ" एवढंच सांगितलं तर दुपार वाचते.

खड्डा कितीही खणावासा वाटला तरी सगळ्यात बुटक्या मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नाही, आणि आत शिरता येईल असा बोगदा तर कधीच नाही. वाळूच्या भिंती न सांगता कोसळतात.

आता पाडणं. "पाडू नका" हे साडेपाच वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं पुरतं. त्याऐवजी पाडायची वेळ आणि पाडायची वास्तू द्या. थोरलीच्या किल्ल्यापासून सहा पावलांवर धाकट्यांसाठी दोन-तीन बादल्यांचे उघडे बुरूज रचा. ते हवे तेव्हा पाडायचे, पण पाडणाऱ्याने परत रचून द्यायचा. बुरूज रचायला लागतात चार मिनिटं आणि पाडायला एक सेकंद, हा हिशेब मधल्याला तिसऱ्या फेरीत उमगतो. मग तो बहिणीला बुरुजापासून लांब ठेवायला लागतो. त्याचा पक्ष बदललेला असतो आणि त्याला ते कळलेलंही नसतं.

खरी गंमत भरतीची. दोन भरत्यांमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. मुक्कामी पोचल्यावर तिची वेळ विचारून घ्या आणि भरतीच्या दोन तास आधी बांधकाम सुरू करा. जागा: काल पाणी जिथवर आलं तिथे शेवाळ-काटक्यांची रेघ पडलेली असते, तिच्यापासून समुद्राकडे आठ-दहा पावलं. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दिवसांत पाणी रोज थोडं अलीकडेच थांबतं, तेव्हा आणखी चार पावलं खाली. मोठं माणूस मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहील, समुद्राकडे तोंड करून.

पहिली लाट खंदकात शिरली की तिघांचा आवाज बदलतो. पाडणारा आता समुद्र आहे. धाकटी तळव्यांनी वाळू ढकलत बांध घालते, मधला बाजूने पाण्याला वाट काढून देतो, थोरली हुकूम सोडते, आणि तिचे हुकूम आज पहिल्यांदा कुणाला खटकत नाहीत. मुझफर शेरीफ या समाजमानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे शिबिराला आलेल्या २२ मुलांचे दोन गट करून हेच पाहिलं होतं. स्पर्धांनी गटांत वैर आलं, झेंडे जाळण्यापर्यंत गेलं. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही सुधारलं नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला, गाडी अडकली, आणि दोन्ही गटांना मिळूनच ती दुरुस्ती करावी लागली, तेव्हा वैर निवळत गेलं. भावंडांना "मिळून मिसळून राहा" सांगण्यापेक्षा एक लाट कामाची.

किल्ला जाणारच आहे हे थोरलीला आधी सांगून ठेवा. तिला एकटीला आवडलेला एक कोपरा वाहण्याआधी कागदावर काढायला वेळ द्या. पाचच मिनिटं, पण तेवढ्यात धाकट्यांना दुसरीकडे न्यायचं काम मोठ्यांचं.

तिसरा दिवस: पाऊस

दिवसभर खोलीत. आज भांडणं बारीक असतात आणि बुद्धीची असतात.

पहिला प्रश्न, राज्य कुणावर? तिघंच असले की सोपी रीत म्हणजे हात पालथा-उताणा करून चकणं; ज्याचा हात वेगळा पडला त्याच्यावर राज्य. तिघांनी मनाप्रमाणे हात टाकले तर चारातल्या तीन वेळा निकाल लागतो, एकदा तिघांचे सारखे पडतात आणि परत टाकायचे. पण सकाळीच मधला धाकटीच्या कानात काहीतरी पुटपुटलेला असतो. दोघांनी ठरवून प्रत्येक वेळी उताणाच हात टाकला, तर वेगळी पडू शकते ती फक्त ताई. तिनेही उताणा टाकला तर बरोबरी, पालथा टाकला तर राज्य. तीन-चार वेळा राज्य आल्यावर थोरलीला संशय येतो. तिने काही न बोलता सतत उताणाच टाकत राहावं. दहा वेळा लागोपाठ बरोबरी झाली की कट उघडा पडतो आणि धाकटीच आधी खुदकन हसते. यावर रागावू नका. दोन लहानांनी मिळून एका मोठ्या बहिणीवर काढलेली ही तोड आहे, आणि ती चांगली आहे. यापुढे फासा वापरायचा: १-२ थोरली, ३-४ मधला, ५-६ धाकटी.

मोजणीच्या गाण्याने राज्य ठरवलं तर फसवणूक उलट्या दिशेने होते. गाण्याचे ठोके ठरलेले असतात. १६ ठोके आणि तीन मुलं असतील तर शेवटचा ठोका ज्याच्यापासून सुरुवात केली त्याच्यावरच येतो, १७ असतील तर त्याच्या पुढच्यावर. थोरलीला हे आठव्या-नवव्या वर्षापासून कळलेलं असतं. ती नेहमी "मी मोजते" का म्हणते, ते त्यामुळे.

आता २१ खडे. जमिनीवर मांडायचे, पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा खडा उचलणारा जिंकतो. अशा खेळांच्या कुळाचं पूर्ण गणित चार्ल्स बाउटन या गणितज्ञाने १९०१ साली लिहून काढलं. इथली युक्ती छोटी आहे: समोरच्यासाठी चाराच्या पटीत खडे सोडायचे. पहिली खेळी आपली असेल तर एक उचला, २० राहतील. मग त्याने एक घेतला तर आपण तीन, दोन घेतले तर दोन, तीन घेतले तर एक. २०, १६, १२, ८, ४, आणि संपलं. थोरलीला ही युक्ती ठाऊक असते आणि ती सलग पाच डाव जिंकते.

सहाव्या डावात धाकटी समोर आहे. १६ खडे उरलेत, पाळी तिची. ती दोन खडे दाखवून उचलते आणि मूठ मांडीवर नेते. मूठ जरा जास्तच घट्ट आहे. तिसरा खडा करंगळीखाली गेलाय, आणि ती त्या मुठीकडेच बघत बसलीय. ताईचं लक्ष "दोनला दोन" या पाठांतरात, म्हणून तीही दोन उचलते. खाली १२ उरायला हवे होते, उरलेत ११. इथून पुढे युक्ती चुकतच जाते आणि ताईला कळत नाही का.

हे उलगडून दाखवण्यासारखं आहे, आणि खेळ संपल्यावर दोघींना मिळून दाखवावं. ताईने समोरची खेळी न मोजता जमिनीवर उरलेले १३ मोजले असते, तर एकच उचलून १२ सोडले असते. म्हणजे धाकटीच्या चोरीने तिचं काही बिघडलं नव्हतं. घोकलेली रीत बिघडली, समजलेली बिघडली नसती. तीन दाखवून चौथा लपवला असता तर मात्र १२ वर पाळी ताईची आली असती आणि ती खरोखर अडकली असती. चोरी दिसावी म्हणून खडे पाचाच्या रांगांत मांडा. चारच्या रांगांत मांडले तर युक्तीच उघडी पडते. पहिली खेळी घ्यायची की दुसरी, हे निवडायचा हक्क लहानाला द्या. दोनेक तासांत मधला रीत शोधतो. तेव्हा नियम फिरवा: शेवटचा खडा उचलणारा हरतो. आता २१ वर पहिली खेळी करणारा अडचणीत येतो, कारण सोडायचे आकडे १७, १३, ९, ५ आणि १ होतात. सगळे पुन्हा एका पातळीवर.

खडा लपवणं चार-साडेचारच्या आधी नीट जमत नाही. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीची समजूत असू शकते हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी कळायला लागतं; विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली लहान मुलांवरच्या प्रयोगात ते दाखवलं. साडेपाचची धाकटी त्या पायरीवर नुकती चढलीय. लपवायचं कळतं, नजर लपवायचं अजून कळत नाही.

दुपारी एकच केक आणि तोंडं तीन. दोघं असते तर एकाने कापायचा, दुसऱ्याने निवडायचा. तिघांसाठी पोलिश गणितज्ञ बानाख आणि क्नास्टर यांची रीत वापरा, ती त्यांचे सहकारी ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ साली मांडली. पहिली तिला तिसरा हिस्सा वाटेल एवढा तुकडा कापते. दुसऱ्याला तो मोठा वाटला तर तो छाटतो आणि छाटलेलं मूळ केकला परत जोडतो, तिसरीही तसंच. शेवटी छाटणाऱ्याने तो तुकडा घ्यायचा. कुणी छाटलाच नाही तर पहिलीने. उरलेल्यात दोघं: एक कापतो, दुसरी निवडते. अडचण चुऱ्याची आहे. फार छाटाछाटी झाली तर चुरा कुणाचा यावर नवं भांडण होतं, म्हणून पातळ सुरी घ्या आणि प्रत्येकाला छाटायची एकच संधी.

पाचच्या सुमाराला एक खरं भांडण होतंच. कॅनडातल्या ज्युली स्मिथ आणि हिल्डी रॉस यांनी २००७ साली पालकांना भावंडांच्या भांडणात मध्यस्थी शिकवून पाहिली. निकाल द्यायचा नाही, वाट करून द्यायची. क्रम असा: आधी बोलण्याचे नियम, मग प्रत्येकाचं म्हणणं आणि नेमका मुद्दा कोणता, मग एकमेकांना काय वाटलं, आणि शेवटी तोडगे मुलांनीच सुचवायचे. लहान आधी बोलेल हे बघा, नाहीतर थोरली दोघांच्या वतीने बोलून मोकळी होते. आणि त्यानंतर थोरलीला एक तास एकटीला, दार लोटून. शिक्षा म्हणून दिल्यासारखा तो वाटता कामा नये, म्हणून तो भांडणाच्या आधीच तक्त्यावर लिहिलेला हवा.

चौथा दिवस: टेकडी

चढाला पुढे कोण? थोरली पुढे राहिली तर धाकटी दहाव्या मिनिटाला बसते. धाकटीला पुढे ठेवा, वेग तिचा. मधला शेवटी नको, तो दगड गोळा करत मागे राहतो.

वर सपाटीवर शर्यत लागणारच. सारख्या रेघेवरून पळाले तर निकाल आधीच ठरलेला, आणि मोठीला मुद्दाम हरायला सांगितलं तर लहानांना ते ओळखू येतं. बरी रीत म्हणजे सुरुवातीची रेघ सरकवणं. पन्नास पावलांचं अंतर घ्या. जो जिंकेल त्याने पुढच्या फेरीत दोन पावलं मागून सुटायचं, बाकीचे जिथल्या तिथे. काही फेऱ्यांत तिघंही आलटून पालटून जिंकायला लागतात, आणि ज्याची रेघ सगळ्यात मागे तो ते अभिमानाने सांगतो. पाय दमले की माप बदलतं, म्हणून दमल्यावर नवी मापं घेऊ नका. याक पँक्सेप या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांच्या पिल्लांच्या दंगामस्तीवर काम करताना मांडलं होतं, की थोराड पिल्लू धाकट्याला अधूनमधून, साधारण तीस टक्के वेळा, जिंकू देत नसेल तर धाकटं खेळायला बोलावणंच सोडतं. माणसाच्या मुलांना टक्केवारी लावायची गरज नाही. धाकटी "मला नाही खेळायचं" म्हणाली, की मोजणी झालेली असते.

खाली उतरल्यावर थोरलीला खजिन्याचा खेळ रचायला द्या. सात चिठ्ठ्या, प्रत्येकीत पुढच्या जागेची खूण. चौथी चिठ्ठी तिसरीच्या आधी सापडली की सगळा डाव कोसळतो, म्हणून क्रमावर विसंबू नका: प्रत्येक चिठ्ठीवर एक अक्षर, सातही जमली की शब्द जुळवायचा. मधला एखादी चिठ्ठी खिशात घालतो, तेव्हा सातही अक्षरांची प्रत मोठ्यांकडे हवी. धाकटीला वाचता येत नसेल तर तिच्या दोन चिठ्ठ्या चित्रांच्या.

मग उलट डाव: धाकट्या दोघांनी लपवायचं, ताईने शोधायचं. हा भाग गाळू नका, चार दिवसांची दादागिरी यात फिटते. धाकटी लपवलेल्या जागेकडेच टक लावून बघत राहते, म्हणून मधला तिला पाठमोरी उभी करतो. आज ती "कच्चा लिंबू" नाही, असं तिने सकाळीच जाहीर केलेलं असतं. आता ती आउट झाली तर खरोखर आउट धरा.

पाचवा दिवस: परत

निघायच्या आधी शिंपल्यांची वाटणी. सगळे एका चादरीवर पसरा आणि निवडीचा क्रम धाकटी, मधला, थोरली. मग थोरली, मधला, धाकटी. थोरलीला लागोपाठ दोन मिळतात, म्हणून शेवटी निवडायचा तोटा भरून निघतो. फुटके शिंपलेही मांडा, धाकटी बऱ्याचदा तेच उचलते. देवाणघेवाण घरी पोचल्यावर, गाडीत नाही.

सीटचा तक्ता जाताना होता त्याच्या उलट फिरवा, म्हणजे जाताना शेवटी खिडकीशी आलेल्याची आता सुरुवात खिडकीशी. पहिल्या टप्प्याला तिघंही तक्ता वाचून दाखवतात. दुसऱ्या टप्प्याला मधला बोट ताईच्या गालापासून एका इंचावर आणतो, आणि ताई तोंडाने वारा सोडून ते बोट हलवायला बघते. तिसऱ्या टप्प्यात तिघंही झोपलेली. ती पाळी मोजायची.